यमुनेची रमा झाली नवऱ्यासाठी, पण त्याची किंमत तिला घरातल्या बायकांकडे मोजावी लागली

आवडत्या माणसाला इम्प्रेस करायला लोक काय काय करतात. कुणी मटण सोडतं, कुणी जिम लावतं, कुणी अचानक गझला ऐकायला लागतं. लग्नानंतर बाईचं नाव बदलणं तर आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की त्याला कुणी बदल म्हणतही नाही.

पण दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एक मुलगी होती. तिचं आधी नाव बदललं. मग ती अक्षरं शिकली, मग परकी भाषा शिकली, मग चार बायकांत कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं, कुणासमोर उभं राहायचं तेही बदललं. का? तर एका माणसाला बरं वाटावं म्हणून. तो माणूस तिचा नवरा होता.

तुम्ही तिला रमाबाई रानडे म्हणून ओळखता. 'उंच माझा झोका' ही मालिका पाहिली असेल तर जरा जास्तच ओळखता. पण मालिकेत झोका उंच जाताना दिसतो. तो झोका चढवताना घरात काय चाललं होतं, ते रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय आणि ते वाचताना आजही घशाशी काहीतरी अडकतं.

तर गोष्ट सुरू होते देवराष्ट्रे गावात. आजच्या सांगली जिल्ह्यातलं हे गाव. पुढे यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा. इथल्या कुर्लेकरांच्या घरात २५ जानेवारी १८६२ ला एक मुलगी जन्मली. नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी, पण मुलींना अक्षर दाखवायचं नाही असा दंडक. बाई लिहायला वाचायला शिकली की तिच्या नवऱ्याच्या आयुष्याला धोका, ही त्या काळातली सरसकट समजूत होती. त्यामुळे यमुना अकरा वर्षांची झाली तरी तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

साल होतं १८७३. तिकडे पुण्यात महादेव गोविंद रानडे न्यायाधीश होते. वय ३१. त्यांची पहिली बायको सखुबाई त्याच वर्षी वारली होती.

आता इथे एक अडचण होती. रानडे हे विधवाविवाहाचे उघड समर्थक. विष्णुशास्त्री पंडितांच्या विधवाविवाहाच्या चळवळीत त्यांचं नाव पुढे असायचं. साहजिकच सगळ्यांना वाटलं की आता हा माणूस एखाद्या विधवेशी लग्न करून दाखवणार. त्यांचे वडील गोविंदराव यांनाही नेमकी हीच धास्ती होती. त्यांनी घाई केली, मुलगी शोधली आणि मुलासमोर उभी केली.

रानडेंनी विरोध केला. मुलीच्या वडिलांना आपल्या अडचणी सांगून पाहिल्या. मी सुधारक आहे, डोळे अधू आहेत, असं सगळं. काही उपयोग झाला नाही. वडिलांचा शब्द मोडायची हिंमत त्यांना झाली नाही आणि डिसेंबरच्या सुमाराला लग्न लागलं. लग्न लागल्यावर नवरा घरी आला आणि कुणाशी न बोलता खोलीचं दार लावून बसला.

टीका भरपूर झाली आणि ती चुकीची नव्हती. दुसऱ्यांच्या विधवा मुलींची लग्नं लावा म्हणणारा माणूस स्वतःवर वेळ आली तेव्हा अकरा वर्षांची कुमारिका घेऊन घरी आला. हा डाग रानडेंच्या चरित्रातून पुसता येत नाही. आणि या सगळ्यात यमुनेला कुणी काही विचारलं नव्हतं, हे तर वेगळं सांगायलाच नको.

लग्नात यमुनेची रमा झाली.

मुलीला सासरी सोडून निघताना वडिलांनी तिला बजावलं होतं की घरात कुणी कितीही बोललं तरी सहन कर आणि त्याच्या चुगल्या नवऱ्याच्या कानावर घालू नकोस. हा सल्ला लक्षात ठेवा. पुढची वीस वर्षं ती याच सल्ल्यावर जगली आणि यातच पोळली.

वडील गेले. रानडेंनी तिला माडीवर बोलावलं. आपलं नाव तिला ठाऊक आहे का, घरचं काय काय माहीत आहे, असं विचारलं. लिहिता वाचता येतं का, तेही विचारलं. येत नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे पाटी पेन्सिल आणली गेली आणि पहिला धडा सुरू झाला.

म्हणजे नव्या नवरीची सासरची पहिली आठवण काय, तर श्रीगणेशा.

एकतीस वर्षांचा पुरुष आणि अकरा वर्षांची मुलगी यांच्यातल्या या नात्याला आजच्या अर्थाने प्रेम म्हणता येणार नाही. सुरुवातीला तो मास्तर होता आणि ती विद्यार्थिनी. पण मास्तर रागावत नव्हता, मारत नव्हता. त्याच काळात आणखी एका यमुनेचं लग्न झालं होतं. कल्याणच्या जोशींची यमुना, जी सासरी जाऊन आनंदी झाली आणि पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून गाजली. तिचा नवरा गोपाळराव अभ्यास केला नाही की हात उगारायचा. त्या मानाने रमेचं नशीब बरं. नवऱ्याचा आवाज कधी चढला नाही आणि कदाचित म्हणूनच तो खूश व्हावा ही ओढ तिच्यात इतकी खोल रुजली.

आता घरातलं चित्र बघा. वाड्यात आठ-नऊ बायका. सावत्र सासू, विधवा नणंद दुर्गाक्का, इतर नातेवाईक बाया. दिवसभर स्वयंपाक, सोवळं-ओवळं, सणवार. अशा घरात एक सून रात्री माडीवर जाऊन पुस्तक उघडते, पहाटे उठून श्लोक पाठ करते, हे त्यांना झेपणारं नव्हतं.

त्यांनी भांडण केलं नाही. आधी समजावून पाहिलं. म्हणणं असं होतं की पुरुषांना काहीतरी खूळ लागतं, आपण कानाडोळा करायचा. तो दोनदा सांगेल, तीनदा सांगेल, मग कंटाळून नाद सोडेल. शहाण्या बायका असंच करतात.

हा सल्ला दुष्ट नव्हता. शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेला होता. त्या बायकांनी असंच करून आपला संसार आणि आपलं स्थान टिकवलं होतं. पुरुषाची हौस बदलत राहते, पण स्वयंपाकघर कायम असतं, हा त्यांचा हिशोब.

रमेने तो सल्ला ऐकला नाही. मग टोमणे सुरू झाले.

दिवसा ती त्या घरातली सून असायची. खाली मान, सगळी कामं, कुणी काही बोललं तर गप्प. रात्री माडीवर गेली की ती रानडेंची विद्यार्थिनी व्हायची. एकाच जिन्याच्या वर आणि खाली दोन वेगळ्या बायका. वर खाली काय घडलं ते सांगायचं नाही, कारण वडिलांचा सल्ला. खाली वरचं काही दाखवायचं नाही, कारण लगेच टोमणा.

मराठी येऊ लागली, वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं. मग इंग्रजी सुरू झालं. पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई होत्या, त्या शिकवायला घरी यायच्या. झालं, आता तर विटाळ घरात आला. परक्या बाईजवळ बसून आल्यावर रमाबाईंनी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा तर अंघोळ करायची. धडा झाला की अंघोळ. थंडीतही तेच.

या सगळ्यात मोकळा श्वास मिळाला तो १८७८ मध्ये. रानडेंची नाशिकला बदली झाली आणि पहिल्यांदा दोघांचा वेगळा संसार मांडला गेला. रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. घरखर्चाचे पैसे हातात आले, हिशोब लिहायला लागल्या, संध्याकाळी नवऱ्याबरोबर गाडीतून फिरायला जाऊ लागल्या. चारचौघांत पहिल्यांदा भाषण केलं तेही नाशिकमध्येच. भाषण रानडेंनी लिहून दिलेलं, वाचलं रमाबाईंनी.

वर्षभरातच वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. पुण्यात वाडे जळाले, सरकारला चित्पावन ब्राह्मण म्हटला की संशय यायला लागला आणि रानडेंना धुळ्याला पाठवून दिलं. त्यांची पत्रंसुद्धा फोडून वाचली जात होती. पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. विशीतली विधवा, संस्कृतची पंडिता, बोलायला उभी राहिली की पुरुष गप्प. रानडे आणि त्यांच्या मित्रांनी तिचं स्वागत केलं. आपल्या रमाबाईही तिच्या व्याख्यानांना जाऊ लागल्या आणि आर्य महिला समाजात रमल्या.

घरातल्या बायकांसाठी ही शेवटची काडी होती. ही पंडिता त्यांना बाटलेली, भटकी वाटायची. तिच्या सभेतून आलेल्या सुनेला सोवळ्यात कसं घ्यायचं? रमाबाईंना पंगतीतून, कामातून, बोलण्यातून बाजूला काढलं जाऊ लागलं. एका छपराखाली राहून आठ बायकांनी एकीशी बोलणं टाकणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी एकत्र कुटुंब बघितलंय त्यांना सांगायला नको.

हे सगळं रानडेंना दिसत नव्हतं का? दिसत होतं. ते रात्री तिची समजूत घालायचे, सोसायला सांगायचे. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नकोस, पण सभेला जाणंही सोडू नकोस, असा त्यांचा एकूण सूर.

खरं सांगायचं तर हा सल्ला देणं सोपं होतं. स्वतः ते सावत्र आईला आणि बहिणीला एका शब्दानेही दुखवत नव्हते. सुधारणा त्यांची, घरातलं भांडण मात्र तिचं. वडिलांपुढे जो माणूस गप्प बसला होता, तोच माणूस आता घरातल्या वडीलधाऱ्या बायकांपुढे गप्प होता. फरक एवढाच की आधीच्या गप्प बसण्याची किंमत त्यांच्या नावाला बसली आणि या वेळची रमाबाईंच्या रोजच्या जेवणाला.

१८८४ चं साल. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायचं ठरत होतं, जे पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालं. त्यासाठी हिराबागेत मोठी सभा भरली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हजर. त्यांच्यासमोर इंग्रजीत निवेदन वाचायला उभी राहिली बावीस वर्षांची एक नऊवारीतली बाई. निवेदन पुन्हा नवऱ्यानेच लिहून दिलेलं. पण वाचताना आवाज तिचाच होता आणि समोर साहेब, सरदार, शास्त्री सगळे बसलेले होते.

दहा वर्षांपूर्वी जिला मराठी 'अ' येत नव्हता, ती हे करत होती.

कौतुक झालं. टाळ्या पडल्या. आणि ती घरी आली तेव्हा स्वागताला होते ते टोमणे. साहेबापुढे उभी राहून आली, आता हिला कशाला स्वयंपाक, असल्या धर्तीचे. बाहेर जितकं मोठं यश, घरी तितकी मोठी शिक्षा, हे गणित रमाबाईंना तोवर पाठ झालं होतं.

पण नवरा-बायकोत मात्र काहीतरी हळूहळू बदलत होतं. १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीवर रानडेंची नेमणूक झाली आणि दोघं सिमला, कलकत्ता असं फिरले. कलकत्त्यात रानडे स्वतः बंगाली शिकायला बसले. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला अडलेले शब्द विचारायचे. हायकोर्टाच्या तोडीचा माणूस न्हाव्याची शिकवणी घेतोय, हे बघून रमाबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. मग काय, रानडेंनी तीच भाषा त्यांना शिकवली आणि परत येईपर्यंत रमाबाई बंगाली वाचायला लागल्या.

ही गोष्ट छोटी आहे, पण बघा. अकरा वर्षांची मुलगी ज्याच्यासमोर मान वर करत नव्हती, त्याची आता ती चेष्टा करू शकत होती.

पुढे तर ती रागावूही शकली. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. रानडे, टिळक, गोखले असे बरेच जण गेले. चहा आणि बिस्किटं समोर आली. कुणी घेतली, कुणी नुसती हाताळली. या गोष्टीचा गाजावाजा केला गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाईंच्या नवऱ्याने. हजर असलेल्यांची यादीच छापून आणली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, सुधारकांच्या घरी श्राद्धपक्षाला भटजी मिळेनात.

रानडे सुरुवातीला ठाम होते. पण बहिष्कारामुळे मित्रांच्या घरी मुलींची लग्नं अडायला लागली तेव्हा १८९२ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर प्रायश्चित्त घेऊन टाकलं.

रमाबाईंना हे पटलं नाही. त्यांना ते लागलं. ज्या माणसाला आवडावं म्हणून आपण घरच्या बायकांचा बहिष्कार वर्षानुवर्षं सोसला, सभा सोडल्या नाहीत, अंघोळी केल्या, तो माणूस बाहेरच्या बहिष्कारापुढे वाकला. त्यांनी ही नाराजी पुढे आपल्या पुस्तकात लपवलेली नाही. रानडेंची बाजूही सांगितली आहे, त्यांना समजून घेतलं आहे, पण आधी आपल्याला काय वाटलं तेही लिहिलं आहे. नवऱ्याने शिकवलेली बाई आता नवऱ्याला मोजत होती आणि तेही त्यानेच शिकवलेल्या मापाने.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टावर गेले. बिऱ्हाड मुंबईला हललं. रमाबाईंचं आयुष्य तिथे बरंच सुखाचं गेलं. नवऱ्याचे डोळे अधू, त्यामुळे त्याला वाचून दाखवणं, त्याने सांगितलेलं लिहून घेणं हे काम त्यांच्याकडे होतं. नवऱ्यासाठी शिकलेली अक्षरं आता नवऱ्याचे डोळे झाली होती.

१६ जानेवारी १९०१. मुंबईत रानडे गेले.

रमाबाई ३९ वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. मूलबाळ नाही. त्या पुण्यात परत आल्या आणि सुमारे वर्षभर घरात बसून राहिल्या. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. त्या काळच्या विधवेने करायचं तेच सगळं.

खरी परीक्षा इथे होती. सत्तावीस वर्षं जी बाई एका माणसाला खूश करण्यासाठी घडत गेली, त्याच्यामागे तिचं काय उरतं? पाटी, इंग्रजी, भाषणं, सभा, हे सगळं त्याच्यासाठी होतं. तो नाही तर त्याचं काय करायचं? आणि घरातल्या बायकांचा हिशोब खरा ठरला असता तर आता ती निमूट स्वयंपाकघरात परतायला हवी होती. ओरडणारं कुणी नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं, पाठवणारंही कुणी नव्हतं.

वर्ष संपलं आणि रमाबाई बाहेर पडल्या.  १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष रमाबाई. येरवड्याच्या तुरुंगात त्या जाऊ लागल्या, बायका कैद्यांपाशी बसू लागल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्यासोबत मुंबईत सेवासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात. पुण्याच्या सेवासदनात विधवा आणि टाकलेल्या बायका शिकू लागल्या, शिवणकाम करू लागल्या, मास्तरीण होऊ लागल्या. त्यांना ससूनमध्ये नर्सिंग शिकवायचं ठरलं तेव्हा परत तेच जुनं वादळ. परजातीच्या रोग्याला शिवायचं, पुरुषांची मलमपट्टी करायची, ब्राह्मण घरच्या विधवेने?

या वेळी टोमण्यांना उत्तर द्यायला रमाबाई होत्या. मिस हरफर्डकडून आल्यावर अंघोळ करणारी बाईच आता इतर बायकांना हॉस्पिटलात पाठवत होती.

१९२० च्या सुमाराला पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणायचं घाटत होतं. पैसे कमी आहेत म्हणून आधी फक्त मुलांना, मुलींचं नंतर बघू, असा एक मतप्रवाह जोरात होता. तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर बायकांचा मोर्चा निघाला. पुढे होत्या साठीकडे झुकलेल्या रमाबाई. त्यानंतर बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्या झटल्या. ही भाषणं त्यांना कुणी लिहून देत नव्हतं.

आता एक गंमत, म्हटलं तर गंमत. रमाबाईंनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक छापलं. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत याची गणना होते. वर सांगितलेल्या बहुतेक घरातल्या गोष्टी आपल्याला कळतात त्या याच पुस्तकामुळे. तोवर त्यांच्या नावावर परिषद होती, दोन सेवासदनं होती, तुरुंगातलं काम होतं.

यातलं काहीही पुस्तकात नाही. पुस्तक जानेवारी १९०१ मध्ये, रानडेंच्या मृत्यूपाशी थांबतं. त्यानंतर रमाबाई २३ वर्षं जगल्या, १९२४ मध्ये गेल्या, आणि त्या वर्षांबद्दल त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं नाही.